इकीके ते साओ पाउलो, साडेतीन तास

दोन शहरांची नावं टाकली की मधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणाऱ्या वेबसाइट आता ढिगाने झाल्यात. परवा मी माझ्या मुलीला माझ्या जुन्या कामाबद्दल काहीतरी सांगत होते, तर ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, एनीवन कॅन गूगल दॅट." तिचं खरंच आहे. चिलीच्या उत्तर टोकाजवळचं इकीके हे बंदर आणि ब्राझीलमधलं साओ पाउलो, ही दोन नावं टाका. अंतर सुमारे चोवीसशे किलोमीटर, विमानाने साडेतीन तास, असं उत्तर लगेच येतं. उत्तर चुकीचंही नाही. पण ही वेबसाइट नकाशावरच्या दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढते आणि तिला विमानाच्या वेगाने भागते. त्या रेघेवरून कुठलं विमान जातं का, मध्ये काय आहे आणि विमानात बसणारा माणूस कसा आहे, हे तिने कशाला बघायचं? ते बघण्याचा पगार मला मिळत होता.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, खाली गोडाऊन आणि वर ऑफिसं असलेल्या एका इमारतीत आमचं ट्रॅव्हल डेस्क होतं. जहाजावरच्या माणसांना जहाजापर्यंत पोचवायचं आणि काम संपलं की घरी आणायचं, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण जहाज माणसांसाठी थांबत नाही. ते वाऱ्यामुळे उशिरा येतं, धक्का लवकर मोकळा झाला म्हणून आधी येतं, कधी भलत्याच बंदराकडे वळतं. मग केलेली सगळी तिकिटं मोडायची आणि पुन्हा बसायचं. पर्यटकाला तिकीट देताना खिडकीची सीट, जेवण वगैरे विचारतात. खलाशाचं तिकीट काढताना एकच बघायचं, हा माणूस वाटेत हरवायला नको. उतरेल तिथे त्याच्या नावाची पाटी घेऊन कोणीतरी उभं असलं पाहिजे.

दक्षिण अमेरिकेचं काम आलं की डेस्कवरच्या सगळ्यांना अचानक दुसरी कामं आठवायची. ते माझ्याकडे यायचं. एकदा एका कंपनीचा मेल आला, 'चार माणसं रिओ ग्रांदेला पाठवा.' रिओ ग्रांदे नावाची बंदरं दोन. एक ब्राझीलच्या दक्षिणेला, दुसरं अर्जेंटिनाच्या पार शेपटाला, जिथून पुढे बर्फच. मी विचारलं, कुठलं? उत्तर आलं, 'अर्थातच ब्राझील, हा काय प्रश्न झाला?' मी तिकिटं काढली. तासाभराने त्याच साहेबांचा दुसरा मेल. जहाज अर्जेंटिनात होतं. त्यानंतर मी असले प्रश्न दोनदा विचारायला लागले आणि ऑफिसात माझं नाव 'शुअर मॅडम' पडलं. 'आर यू शुअर?' हे मी दिवसातून फार वेळा म्हणायचे म्हणून.

आता विलासची गोष्ट.

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका वर्कशॉपने पाच वेल्डर इकीकेला पाठवले होते. एका जहाजाच्या तळाकडच्या पत्र्याचं काम होतं, ते उरकून सगळ्यांनी परत यायचं. जाण्याची तिकिटं मीच काढली होती. विलास त्या पाचांतला एक, गुहागरकडचा, तिशीच्या आतबाहेरचा. जहाजाच्या पोटात शिडीवरून त्याचा पाय सरकला आणि तो खालच्या लोखंडी कडेवर छातीवर आपटला. बरगड्या मोडल्या, त्यातली एक फुप्फुसात घुसली. फुप्फुसातून सुटलेली हवा छातीच्या पिंजऱ्यात साठली आणि ते फुप्फुस हवा गेलेल्या फुग्यासारखं बसलं. तिथल्या हॉस्पिटलने छातीत नळी घालून हवा काढली आणि पोराचा जीव वाचवला. दरम्यान जहाज निघून गेलं. बाकीचे चौघं परत आले. विलास एकटा राहिला, अशा गावात जिथे त्याला येणाऱ्या तिन्ही भाषा कोणालाच येत नव्हत्या.

त्याचा थोरला भाऊ सुरेश त्याच वर्कशॉपची बस चालवायचा. लेबर कॅम्पमधून माणसं सकाळी मुसफ्फाला न्यायची, संध्याकाळी परत सोडायची. अपघात झाल्यापासून रोज त्यांचा मला फोन. आवाज खाली, शब्द मोजके.

"मॅडम, सुरेश बोलतोय. काय कळलं का?"

"सुरेशभाऊ, नळी काढलीय. एक्स-रे चांगला आहे म्हणतात."

"मग कधी पाठवतायत?"

"इन्शाल्ला, लवकरच."

हा 'इन्शाल्ला' इथे राहून मला लागला. नक्की सांगता येत नसेल तेव्हा फार उपयोगी पडतो. समोरच्याला ते कळतंही.

मग एक दिवस दुपारी वर्कशॉपचे मॅनेजर रहमान साहेब यांचा मेल आला. डॉक्टरांनी 'फिट टु फ्लाय', म्हणजे विमानप्रवासाला योग्य, असं लिहून दिलं होतं. चिलीची राजधानी सान्तियागोवरून जाणारी विमानं सणाच्या सुट्ट्यांमुळे आठवडाभर भरलेली होती, पण त्यांनी खटपट करून दुसरी वाट शोधली होती. इकीकेहून बोलिव्हियातलं ला पाझ, तिथे काही तास थांबून, आणखी एक थांबा घेऊन साओ पाउलो आणि तिथून थेट दुबई. विमान दुसऱ्याच दिवसाचं होतं. नकाशावर बघितलं तर ही वाट जवळजवळ त्या सरळ रेघेवरूनच जात होती. सान्तियागोची वाट म्हणजे आधी तासन्‌तास दक्षिणेला जायचं आणि मग पुन्हा वर यायचं. कोणीही शहाणा माणूस ला पाझच म्हणाला असता.

पण ला पाझचा विमानतळ समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर आहे. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. विमानात चिप्सचं पाकीट टम्म फुगतं ते आपण बघतो. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा पसरते. छातीत हवा अडकलेली असेल तर तीही तशीच पसरते. विमानाच्या आत दाब जरा सांभाळलेला असतो, म्हणून आपल्याला फार जाणवत नाही. ला पाझला मात्र विमान जमिनीवर टेकून दार उघडलं की दाब उडताना होता त्याहूनही कमी. उतरल्यावर त्रास जास्त, असं ते गाव. धडधाकट माणसंही तिथे डोकं धरून बसतात.

मी रहमान साहेबांना फोन लावला. "साहब, डॉक्टर को मालूम है ना, कि रास्ते में ला पाझ है?"

"मॅडम, डॉक्टर ने फिट लिख दिया है. बात खलास. लडका वहाँ अकेला पडा है, खाना नहीं खा रहा. आप टिकट निकालिए, यल्ला, जल्दी."

माणूस वाईट नव्हता. त्यालाही तो पोरगा डोळ्यांपुढे दिसत होता. मला हो किंवा नाही म्हणायचा अधिकारच नव्हता. मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण ठाण्याच्या कॉलेजातलं बी.कॉम. पण हात की-बोर्डकडे जाईना.

इकीकेत आमची एजंट होती मार्सेला, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी, फार भली बाई. तिला निरोप पाठवला, 'डॉक्टरांना जाण्याची वाट सांगा आणि पुन्हा विचारा.' चिलीत तेव्हा सकाळ होती, डॉक्टर राउंडवर गेले होते. थांबायचं तर काय करायचं, म्हणून मी विलासलाच फोन केला.

"मॅडम, तिकीट झालं ना?" पहिला प्रश्न.

"होतंय. तुम्ही कसे आहात? जेवलात?"

"देतात ओ काहीतरी. उकडलेलं. भात देतात पण मीठ नाय."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समुद्र. आपलं दुबईकडचं खोर फक्कान बंदर हाय ना मॅडम, सेम तसं. समोर समुद्र, मागे बोडका डोंगर. ह्यो डोंगर लय मोठा."

"डोंगर पलंगावरून दिसतो?"

"नाय, त्या पल्याडच्या खिडकीतून. थांबा, जाऊन बघतो."

मी काही ठरवून विचारलं नव्हतं. तो उठला, सपाता ओढत कॉरिडॉरमधून चालायला लागला आणि चालता चालता मला सांगायला लागला. "हितं एक म्हातारा... हाय मॅडम... रोज माझ्याशी... बोलतो... मला काय... कळत नाय..." मग शब्द थांबले. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता, छोटा, वरच्या वर.

"विलास?"

"हां... एक मिनिट..."

"दम लागतो?"

"पडून पडून, मॅडम. बाकी काय नाय." तो थांबला. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "डाक्टरला नका सांगू. परत ठेवून घेतील. ती नळी परत घालतील. मी सांगतो तुमाला, ती घालताना मी रडलोय. दादाला पण नाय सांगितलं. तुमच्या पाया पडतो, मला घरी जाऊ द्या."

माझ्या तोंडून 'बरं' असं काहीतरी गेलं असणार. फोन ठेवला आणि समोरच्या स्क्रीनवर त्याचं नाव, उद्याची तारीख आणि ते तिकीट तसंच अर्धवट उघडं होतं. बरा झालेला माणूसही अंथरुणात आठवडा काढल्यावर दमतो, हे मलाही माहीत होतं. माझ्या शंकेपायी त्याची उद्याची जागा गेली तर पुढची कधी मिळेल, कोणाला ठाऊक. आणि न बोलता तिकीट काढलं तर ला पाझला दार उघडेल तेव्हा त्याच्या शेजारी कोण असणार?

मी मार्सेलाला फोन केला आणि सगळं सांगितलं. चालताना श्वास तुटतो, तो लपवतोय, नवा एक्स-रे काढा. मग रहमान साहेबांना कळवलं की तिकीट थांबवलंय. ते म्हणाले, "मॅडम, कुछ गडबड हुई तो जवाब आप देना." आणि न थांबवता काही झालं असतं तर जवाब कोणी दिला असता, हे मी विचारलं नाही.

संध्याकाळी ऑफिस रिकामं होत असताना सुरेशभाऊ आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. उंच, वाकलेले, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. कामगारांना कॅम्पवर सोडून तशीच रिकामी बस घेऊन मुसफ्फाहून आले होते. विलासने त्यांना मेसेज केला होता, 'मॅडमनी अडवलं.'

ते बसले नाहीत. फोन माझ्यापुढे धरला.

"हे बघा मॅडम. इकीके ते साओ पाउलो. साडेतीन तास लिहिलंय. माझी बस कधी कधी ट्रॅफिकमध्ये तेवढा वेळ अडकते. साडेतीन तासांसाठी तुम्ही माझ्या भावाला तिकडे अडकवलंत?"

"सुरेशभाऊ, असं सरळ विमान नाहीये. मध्ये..."

"डाक्टर फिट म्हणतो. साहेब पाठवायला तयार. नको कोण म्हणतंय, तर तिकीटवाली बाई." आवाज चढला नव्हता. "तुमचा भाऊ असता तर?"

मी म्हटलं, "एक्स-रेला नेलंय त्याला. रिपोर्ट येईल एवढ्यात. बसा."

ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी चहा आणला, तो टेबलावर तसाच राहिला. मी मनात एकच घोकत होते, आणि ते काय होतं ते सांगायची आजही लाज वाटते. एक्स-रे चांगला यावा, अशी मी प्रार्थना करायला हवी होती. करतही होते. पण तो चांगला आला तर माझं काय, हेही त्यातच मिसळलेलं होतं. कुठलं उत्तर आलं तर मला बरं वाटेल, ते मलाच कळत नव्हतं.

मार्सेलाचा व्हॉइस मेसेज आला. मी तो सुरेशभाऊंसमोरच लावला. मागे ट्रॉलीचा खडखडाट, आणि तिचा आवाज, "नो फ्लाय, वैशाली. एअर अगेन. डॉक्टर से, थँक यू. डॉक्टर नॉट नो ला पाझ. नो ला पाझ!"

"काय म्हणाली?"

"छातीत परत हवा साठलीय. थोडीच आहे. तिथे खाली जिवाला धोका नाही, पण वर नेलं असतं तर..."

सुरेशभाऊ आता खुर्चीत बसले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "म्हणजे परत नळी."

"हो."

"त्याला नळीची लय भीती वाटते. मला बोलला नाही, पण मला माहितीय. लहानपणी इंजेक्शनला आंब्यावर चढून बसायचा." मग उठले. "आता त्याला मी काय सांगू, मॅडम?"

ते गेल्यावर मी खिडकीतून बघितलं. ती एवढी मोठी रिकामी बस पार्किंगमध्ये कितीतरी वेळ उभी होती. दिवे लागले होते, पण हलत नव्हती.

त्यानंतर विलासने माझा फोन घेतला नाही. मी करायचे, तो कट करायचा. मार्सेला सांगायची, नळी घातली, ताप नाही, नळी काढली, आता थांबायचं. डॉक्टरांनी या वेळी घाई केली नाही. पुन्हा पुन्हा एक्स-रे काढले, त्याला जिने चढउतार करायला लावलं आणि मग कागदावर वाट नाव घालून लिहिली. सान्तियागोवरूनच, सोबत साओ पाउलोपर्यंत एक नर्स, पुढे व्हीलचेअर. मी प्रत्येक थांब्याला दोन-दोन माणसांना फोन केले. सगळ्यांना 'आर यू शुअर?' विचारून झालं.

आणि निघायच्या दिवशी इकीकेत धुकं उतरलं. त्या किनाऱ्यावर पाऊस पडत नाही म्हणतात, पण समुद्रावरून धुक्याची भिंत येते. विमान उडेना. सान्तियागोला मध्ये भरपूर वेळ ठेवला होता, तो एकेक तास करून संपत चालला. सुरेशभाऊंचे फोन सुरू झाले.

"उडालं?"

"नाही अजून."

थोड्या वेळाने, "मॅडम, उडालं?"

"सुरेशभाऊ, उडालं की मी करते फोन."

"हो, हो. तुम्ही करा." आणि दहा मिनिटांनी पुन्हा त्यांचाच.

शेवटी ते उडालं. मग ते सान्तियागोला उतरलं, आणि नर्सला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक. माझ्याकडे पुढच्या विमानाची वेळ होती, गेट नंबर होता, विमान नकाशावर सरकताना दिसत होतं. माणूस तेवढा दिसत नव्हता. इतकी वर्षं हे काम करून मी शेवटी तिथेच होते जिथे सुरेशभाऊ होते, फोनकडे बघत. पुढचं विमान सुटल्याचं स्क्रीनवर आलं. ते दोघं त्यात आहेत की मागे राहिलेत, सांगणारं कोणी नाही. अरविंद, माझा नवरा, म्हणाला, "अगं, जेवून घे." मी जेवले असेन. आठवत नाही.

साओ पाउलोहून नर्सचा फोटो आला. व्हीलचेअरमध्ये विलास, दाढी वाढलेली, मांडीवर पावाचा तुकडा. कॅमेऱ्याकडे बघतही नव्हता. मी तो सुरेशभाऊंना पाठवला. त्यांनी फक्त लिहिलं, 'बारीक झाला.'

मी कधी कोणाला आणायला एअरपोर्टवर गेले नव्हते. आमची माणसं आमच्यासाठी पासपोर्टवरची नावं असायची. कोण गोरा, कोण काळा, आम्हाला काय माहीत. पण त्या दिवशी गेले. चौदा-पंधरा तासांचं ते विमान, त्यात तो एकटा. सुरेशभाऊ रेलिंगला टेकून उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

व्हीलचेअर बाहेर आली. विलासने आपल्याला ढकलणाऱ्या माणसाला थांबवलं, हाताला धरून उठला आणि दादाकडे चालत आला. सुरेशभाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"दाढी करायला काय झालं होतं तुला?" एवढंच म्हणाले, आणि तिथेच खांबाला टेकून खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. विलास त्यांच्या शेजारी हळूच, बरगड्या सांभाळत बसला. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

मी निघणार तेवढ्यात विलासने मान वर केली. "तिकीटवाल्या मॅडम तुमीच काय?"

"हो."

"मी तुमच्यावर रागावलोय."

"माहितीय."

"म्हंजे, अजून हाय. जरासा."

"असू दे," मी म्हटलं.

सुरेशभाऊ उठले, तोंड पुसलं. म्हणाले, "मॅडम, गाडी आहे. घरी सोडतो तुम्हाला."

गाडी म्हणजे ती बस. एवढ्या मोठ्या बसमध्ये आम्ही तिघंच. विलासला मागच्या लांब सीटवर उशी देऊन आडवं केलं. सुरेशभाऊंनी उजवीकडची, हळू गाड्यांची लेन सोडलीच नाही. मागचे ट्रक हॉर्न मारत होते, टॅक्सीवाले हात करत होते, पण बस आपली कडेकडेने चालली होती. पुढे रस्त्यात उंचवटा दिसला की ते ओरडायचे, "विलास, आला रे!" आणि इतक्या हळू घ्यायचे की मला कळायचंही नाही. मी पूर्ण वाटभर मागे वळून त्या पोराची छाती वरखाली होते का ते बघत होते.

मला दारात सोडलं. "मॅडम, आता निवांत व्हा," सुरेशभाऊ म्हणाले. मी मान डोलावली आणि वर आले. इथून मुसफ्फापर्यंत रस्ता सरळ, उजेडाचा, चालवणारा सख्खा भाऊ. तरी 'पोचलो' असा त्यांचा मेसेज येईपर्यंत फोन माझ्या हातातच होता.